दोन म्हशींचा चेअरमन

जोमाभाऊ भोईर माणसांना अरेतुरे करत आणि म्हशींना अहोजाहो. गावचा तलाठी असो की कल्याणहून आलेला बँकेचा साहेब, त्यांच्या तोंडी सगळे 'तू'. गोठ्यात शिरले की मात्र आवाज एकदम लेकीच्या सासरी आलेल्या व्याह्यासारखा व्हायचा. "बाय, सरका जरा. पाय द्या. आज लय वेळ झाला नं तुमाना?" एकदा मी न राहवून विचारलं की हा मान म्हशीलाच का. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ती मना पोसते. तू काय देतस?"

खरंच होतं. मी फक्त फॅट काढायचो, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजायचो, त्यावर दर ठरायचा. बी.एस्सी. होऊन डोंबिवलीत वडिलांच्या पैशावर चहा पीत बसलो होतो, तेव्हा कोणीतरी सांगितलं की शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठच्या एका गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था आहे आणि त्यांना दूध तपासणारा माणूस हवा आहे. तात्पुरती म्हणून धरलेली ती नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली. मुलाखत जोमाभाऊंनीच घेतली. शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तुझे कोणी नातेवाईक या गावात आहेत का. नाहीत म्हटल्यावर म्हणाले, मग ये उद्यापासून. फॅट कमी लागली की माणसं तपासणाऱ्याशी भांडतात, आणि भांडायला परका माणूस बरा असतो, हे त्यांचं धोरण मला पहिल्याच आठवड्यात समजलं.

ते संस्थेचे चेअरमन होते. चेअरमन म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी पांढरी गाडी येते ती काढून टाका. अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, खांद्यावर टॉवेल आणि हातात कॅन, असा हा चेअरमन सकाळ-संध्याकाळ दूध घालायला यायचा आणि रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहायचा. पुढे या म्हटलं तरी येत नसत. स्वतः दुधाच्या धंद्यात जन्म काढला, पण दूध कधी प्यायले नाहीत. आल्याचा कोरा चहा, तोही बशीत. दुधाचा वास आला की मला कामावर असल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

आता त्यांचा कायदा सांगायला हवा, कारण जोमाभाऊ म्हणजे तो कायदाच. आमचं दूध शहरातली एक मोठी डेअरी घ्यायची. ती रोज ठरलेलंच दूध उचलायची, त्याच्यावर थेंब नाही. आमची टाकीही तेवढ्याच मापाची. म्हणजे मर्यादा वरून आलेली होती. ती गावात वाटायची कशी, हा प्रश्न होता. जोमाभाऊंनी तो दोन वाक्यांत सोडवला होता. एका घराचं दोन म्हशींचं दूध घ्यायचं, आणि प्रत्येकाने आपलं दूध आपल्याच नावावर घालायचं. गोठ्यात वीस म्हशी असल्या तरी संस्थेत दोनच. बाकीचं कल्याणच्या हॉटेलात घाला, उल्हासनगरच्या मिठाईवाल्याला घाला, नदीत सोडा. त्यामुळे झालं असं, की जानकीबाईसारखी एका म्हशीची विधवा बाई आणि बागायतदार पाटील एकाच रांगेत, जवळजवळ एकाच मापाने उभे राहायचे. पाटलांना ते आवडायचं नाही. त्यांनी कुरकुर केली की जोमाभाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "टाकी सगल्यांची हाय."

एक गोष्ट मात्र ते संस्थेत येऊच देत नसत, ती म्हणजे चीक. म्हैस व्यायली की पहिले दिवस जे घट्ट दूध येतं, ते विकायचं नाही, घरोघर वाटायचं, हा गावचा जुना रिवाज. आजकाल डोंबिवलीत खरवसाचे डबे काय भावाने विकले जातात ते आपण जाणतोच. जोमाभाऊंच्या म्हशीचा चीक स्टीलच्या डब्यात भरून माझ्याबरोबर डोंबिवलीला यायचा. माझी आई त्यांना कधी भेटली नाही, पण त्यांच्या म्हशींच्या बाळंतपणाची चौकशी ती सख्ख्या भाचीची करावी तशी करायची.

त्यांचा कायदा किती कडक होता हे मी एका सकाळी पाहिलं. त्यांची सख्खी बहीण हौसाबाई त्याच गावात दिलेली. तिची तिसरी म्हैस व्यायली आणि दूध उतू जायला लागलं. जानकीबाईची म्हैस तेव्हा आटलेली होती. बायकांनी आपसात ठरवलं, हौसाचं जास्तीचं दूध जानकीच्या नावावर घालायचं, पैशात थोडं जानकीला. कोणाचं काय बिघडलं? मला विचाराल तर काहीच नाही. जानकीबाईने कॅन ओट्यावर ठेवला आणि मी नमुना घेणार, तोच रांगेच्या टोकाहून जोमाभाऊ पुढे आले. आयुष्यात रांग मोडून पुढे आलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले.

"कोनाचं दूध?"

जानकीबाईने हौसाबाईकडे पाहिलं. मागे उभी असलेली हौसाबाई म्हणाली, माझं आहे दादा, तिची चूल पेटेल म्हणून घातलं. जोमाभाऊंनी कॅन उचलून बहिणीच्या पायाशी ठेवला. सगळ्या गावासमोर. म्हणाले, "आज तू जानकीच्या चुलीसाठी घालशील. उद्या पाटील धा बायांच्या नावावर घालंल. मंग जानकी कुठशी उभी राहील?"

हौसाबाई रडत घरी गेली. बरोबर तिचा मुलगा रोशन होता, तेव्हा शाळेत जाणारा. पण गोष्ट तिथे संपली नाही. जोमाभाऊंनी स्वतःचं दूध घातलं, सायकल काढली, बहिणीच्या दारातला तो कॅन कॅरिअरला बांधला आणि भर उन्हात कल्याणपर्यंत नेऊन एका हॉटेलवाल्याच्या गळ्यात मारला. तिची म्हैस दूध देत होती तोवर रोज नेलं. हौसाबाई मात्र बोलत नव्हती. भाऊबीजेला तिने बोलावलं नाही, तरी हे सकाळीच नवी टोपी घालून तिच्या ओटीवर जाऊन बसले. ना पाणी मागितलं, ना हाक मारली. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून जायला लागल्या. शेवटी दुपार कलल्यावर हौसाबाई ताट घेऊन बाहेर आली आणि ओवाळता ओवाळता म्हणाली, "मेल्या, भूक लागली असंल नं." हे मला जोमाभाऊंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. कठोर माणसं फार लवकर रडतात, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

पुढे दिवस पालटले. आमचं दूध घेणाऱ्या डेअरीने निरोप पाठवला की आता मर्यादा नाही, जितकं दूध द्याल तितकं घेऊ. तिलाही दूध हवं होतं, कारण ठाण्याच्या घोडबंदर रोडला, डोंबिवलीला इमारतींची रांगच्या रांग उभी राहिली होती आणि तिथलं गिऱ्हाईक पळवायला परराज्यातून पिशव्या भरून दूध येत होतं. त्याच सुमारास खासगी कंपन्यांच्या गाड्या गावात यायला लागल्या. त्या थेट गोठ्यावर थांबायच्या, आणि जितकं दूध जास्त तितका दर चढा द्यायच्या. रोशन आता मोठा झाला होता. त्याने हरयाणाच्या म्हशी आणून तबेला टाकला होता. पोरगा कामाचा. पहाटे सगळ्यांच्या आधी त्याच्या तबेल्यातला दिवा लागायचा. तो मामाला समजावायला संस्थेत यायचा तेव्हा मी नळ्या धूत असायचो आणि सगळं कानावर पडायचं.

"मामा, मार्केट ओपन झालंय रे," तो सांगायचा. वैरणीचा ट्रक एकदम घेतला की त्याला लिटरमागे खर्च कमी पडतो, जानकीमावशी विळ्याने गवत कापते तिला परवडणारच नाही. संस्थेने दोन म्हशींचा हट्ट धरला तर तो आणि पाटील गाडीवाल्याकडे जाणार. मग टाकी अर्धीसुद्धा भरणार नाही, आणि अर्ध्या टाकीसाठी टँकर गावात येणार नाही.

हिशोब बरोबर होता, हेच दुःख होतं. मर्यादा ठेवली तर संस्था मरणार आणि तिच्याबरोबर एका म्हशीच्या बायाही. काढली तर संस्था जगेल, बायांचं काय ते देव जाणे. मग एका रविवारी शाळेच्या पटांगणात सभा झाली. सगळ्यांना वाटत होतं म्हातारा आडवा येणार. पण मर्यादा काढायचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला. भाषण असं केलंच नाही. टाकी चालू राहिली तर कधीतरी जानकीचंही दूध जाईल, बंद पडली तर कोणाचंच नाही, इतकंच म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत जानकीबाईही होती, कारण भाऊंनी मांडलं म्हणजे आपल्या भल्याचंच असणार, असं ती धरून चालली होती.

मर्यादा उठल्याचा पहिला दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. या गावाला कुठलीही गोष्ट साधेपणाने करता येत नाही. हळदीला जसं ज्याचं त्याचं घर मोठं दिसलं पाहिजे, तसं दूध घालणं हाच त्या दिवशी मानपान झाला. रोशनचं दूध पिकअपमधून आलं आणि पिकअपच्या पुढे लग्नातला बेंजो बँड वाजत होता. ते पाहून पाटलांना राहवेना. त्यांनी घरच्या चहापुरतंही दूध ठेवलं नाही, वर पलीकडच्या गावातून मेव्हण्याचं दूध मागवून तेही ओतलं. कोणी वर्षानुवर्षांची हॉटेलची गिऱ्हाइकं तोडून दूध इकडे आणलं. मी नमुने घेऊन घेऊन घामाघूम झालो. नवीन टाकीची ऑर्डर दिलेली होती, पण टाकी अजून यायची होती, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. निम्मी रांग संपायच्या आत जुनी टाकी काठोकाठ भरली.

आणि रांगेच्या शेवटी कोण होतं? सवयीप्रमाणे जोमाभाऊ, आणि त्यांच्या पुढे जानकीबाई आणि इतर एका म्हशीच्या बाया. त्यांचं दूध परत. बेंजोवाले तोवर नाश्त्याला बसले होते.

जोमाभाऊंनी एका शब्दाने कोणाला दोष दिला नाही. त्यांनी देवळाच्या मंडपातून जेवणावळीच्या कढया मागवल्या, चुली पेटवल्या आणि शिल्लक राहिलेलं सगळं दूध आटवायला घातलं. जोमाभाऊ स्वतः उलथनं घेऊन बसले. नवी टाकी येईपर्यंत हा उद्योग रोज चालला. गावाला खव्याचा वास सुटला. रोशनही लाजून मदतीला आला आणि मामाच्या शिव्या खात खात कढई ढवळू लागला. माझ्या घरी इतका खवा आला की आईने शेवटी सांगितलं, त्या जोमाभाऊंना म्हणावं मर्यादा घाला. मी ते त्यांना जाऊन सांगितलं. ते पोट धरून हसले आणि पुन्हा कढई ढवळायला लागले.

नवी टाकी आली, मग तिच्याहून मोठी आली. रोशन चेअरमन झाला. संस्थेची स्वतःची पिशवी निघाली, निळ्या रंगाची. माझ्या डोंबिवलीतल्या गल्लीत ती मोठमोठ्या कंपन्यांच्या पिशव्यांच्या शेजारी क्रेटमध्ये दिसली तेव्हा मला मुलाचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. उगाच कशाला नाही म्हणू? संस्था टिकली ती मर्यादा उठल्यामुळेच. शेजारच्या ज्या गावांनी उठवली नाही त्यांच्या टाक्यांत आता कबुतरं राहतात.

मधल्या काळात जोमाभाऊंचा गोठा नव्या रस्त्यात गेला. म्हशी विकाव्या लागल्या. मोबदल्यातून मुलाने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आणि वडिलांना तिकडे नेलं. ठाण्याला खोपटच्या डेपोपर्यंत एसटीने जाऊन, पुढे दुसरी बस पकडून मी त्यांना भेटायला गेलो होतो. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. खाली गाड्या तुंबून उभ्या होत्या. घर चांगलं होतं, सून प्रेमळ होती, चहा कोराच मिळत होता. मी विचारलं, करमतं का. म्हणाले, "इकडं सगले मना अहो बोलतात." महिनाभरात बातमी आली की म्हातारा गावात परत आला आणि हौसाबाईच्या पडवीत राहतोय.

ते परत आले त्याच सुमारास संस्थेने नवीन नियम केला. जास्तीची मर्यादा उठलीच होती, आता कमीची आली. भरलेल्या कॅनपेक्षा कमी दूध घ्यायचं नाही. रोशनचं म्हणणं असं, की छोट्या छोट्या किटल्या तपासण्यात वेळ जातो, तोवर दूध तापतं, आणि तापलेल्या दुधाची पिशवी ठाण्याच्या दुकानात नासली की गिऱ्हाईक कायमचं दुसऱ्याकडे जातं. यातही काही खोटं नव्हतं. पण कॅनभर दूध एका म्हशीचं कुठून येणार? पाटलांचं येतं, रोशनचं येतं. जानकीबाई पहिल्या दिवशी किटली घेऊन आली, पाटीवरचा नियम कोणीतरी तिला वाचून दाखवला आणि ती तशीच परत गेली. जाताना मला म्हणाली, काय हरकत नाही सर.

मग एका सकाळी, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, जोमाभाऊ रांगेत दिसले. तीच बंडी, तीच चड्डी, हातात काठी. दोन बाया मिळून एक भरलेला कॅन धरून होत्या आणि मागे जानकीबाई आणि बाकीच्या रिकाम्या किटल्या घेऊन उभ्या होत्या. काय झालं होतं ते लहान मुलालाही कळलं असतं. जोमाभाऊंचा गोठा रस्त्याखाली होता, म्हशी केव्हाच विकल्या होत्या. तरी सभासद म्हणून त्यांचं नाव अजून होतं, आणि सगळ्या बायांचं दूध एका कॅनमध्ये करून ते त्या नावावर घालायला निघाले होते. ते मुद्दाम सगळ्यात शेवटी थांबले. पुढची रांग सरकत होती तसा त्यांचा चेहरा उतरत होता. टॉवेलने मान पुसत होते, ओठ हलत होते. बहुतेक काय बोलायचं ते मनात जुळवत असावेत.

रोशन ओट्यावरच उभा होता. त्याचा फोन चालू होता. पिशव्यांची गाडी घोडबंदरला अडकली होती. मामांचा कॅन पुढे आला. रोशनने झाकण उघडून आत पाहिलं, कॅन भरलेला होता, त्याने मला हाताने खूण केली आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. मी नमुना घेतला. फॅट चांगली लागली. मशीनला सभासदाचं नाव हवं असतं, मी जोमा भोईर घातलं. चिठ्ठी बाहेर आली, दूध टाकीत गेलं. मिनिटभराचं काम.

जोमाभाऊ हलले नाहीत. बायांनी कॅन उचलला, चला भाऊ म्हणाल्या, तरी ते तिथेच. मला वाटलं चक्कर आली की काय. त्यांनी एकदा रोशनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आपल्याला कोणीतरी अडवील म्हणून हा माणूस तयारी करून आला होता, आणि तिथे अडवायची गरजच कोणाला उरली नव्हती.

"अरे," ते मला म्हणाले, "कोनाचं हाय ते इचारशील का नाय?"

रोशनने फोन कानापासून खाली घेतला. मी मशीनवरचा हात काढला आणि विचारलं. "जोमाभाऊ, कोणाचं दूध?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि सरळ उभे राहिले. "जानकीचं," ते म्हणाले. "पारूचं. बेबीचं. सोनूच्या आयचं." एकेक नाव सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. मग काठी उचलली आणि ओट्यावरून उतरता उतरता म्हणाले, "आता लिव, कोनाच्या बी नावावर लिव."